मधल्या खुर्चीचं बक्कल

मी पट्टेवाली होते. ऑफिसात फायली फिरवतो तो पट्टेवाला वेगळा. मी खरोखरचे पट्टे शिवायची, रॉकेटच्या टोकावर माणसं बसायची जी कुपी असते, तिच्यातल्या खुर्च्यांचे. दोन खांद्यांवरचे, दोन कमरेचे, एक मांड्यांमधून येणारा. उड्डाणाच्या दिवशी अंतराळवीरांना त्या खुर्च्यांत बांधायचं कामही माझ्याकडेच असे. सव्वीस वर्षांत माझा एक टाका उसवला नाही. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू लंगडी आहे, तेव्हा जे बरं आहे ते आधीच सांगून मोकळी होते.

त्या उड्डाणाला तिघं जाणार होते. डाव्या खुर्चीत कप्तान, उजव्या खुर्चीत डॉक्टर आणि मधल्या खुर्चीत बारकी. बारकी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती म्हणून बारकी. पुढं ती बापापेक्षा उंच झाली तरी नाव काही बदललं नाही. तिला या नोकरीचं वेड माझ्यामुळं लागलं असं वहिनी म्हणते, आणि ते खरं आहे. ती मला आत्या म्हणते म्हणून सगळा विभागच मला आत्या म्हणायला लागला, माझ्याहून थोरली माणसंसुद्धा.

उभ्या रॉकेटला जमिनीवरच काही झालं, तर आत बसलेल्यांना बाहेर काढायचे दोन मार्ग होते. कागदोपत्री त्यांना लांबलचक नावं होती, पण बोलताना सगळे 'उडी' आणि 'पायवाट' म्हणायचे. उडी म्हणजे कुपीच्या डोक्यावर बसवलेलं छोटं रॉकेट. ते पेटलं की कुपीला मोठ्या रॉकेटवरून उपटून दीड किलोमीटर लांब फेकतं, मग पॅराशूट उघडतं. पायवाट म्हणजे बक्कलं उघडायची, दार उघडायचं, पुलावरून शेजारच्या मनोऱ्यावर यायचं आणि तारेवरच्या पाळण्यात बसून खाली घसरत जायचं. दोन्ही मार्ग एकदम धरता येत नाहीत. पट्ट्याबाहेरचा माणूस आत असताना उडी मारली, तर तो आतल्या आत आपटून मरतो. म्हणून आधी काय ते ठरवायचं आणि मगच बक्कलाला हात लावायचा.

कँटीनमध्ये यावर रोज वाद चालायचा. एक पक्ष म्हणे, ते डोक्यावरचं धूड काढून टाका. साडेतीन टन वजन, आजवर एकदाही लागलं नाही, वर स्वतःच एक बॉम्ब. दुसरा पक्ष म्हणे, लागलं नाही म्हणून काय झालं, लागेल त्या दिवशी कुठून आणाल? चाचण्यांच्या हिशोबानं उडीत पाठीवर वजनाच्या चौदा पट भार येतो आणि चारांतल्या एकाचा मणका जातो, हे मात्र दोघांनाही मान्य होतं. त्यामुळं वाद शेवटी पायवाटेवर येऊन मिटायचा. पायवाट बरी. पायवाटेनं नव्वद सेकंदांत तिघं दाराबाहेर. तो नव्वदचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, भिंतीवरच्या तक्त्यावर होता, आणि तो खोटा होता. तो खोटा आहे हे मला एकटीला माहीत होतं.

सराव व्हायचा तो जमिनीवर ठेवलेल्या हुबेहूब तशाच कुपीत. मी तिघांना बांधायची, एकेकाच्या पट्ट्यांवरून शेवटचा हात फिरवायची आणि "तयार?" असं विचारून मागं सरायची. माझं "तयार?" ऐकलं की सरावप्रमुख घड्याळ दाबायचा. त्याला आम्ही घड्याळजी म्हणायचो. माणूस सज्जन, पण काट्याच्या पलीकडचं काही त्याला दिसत नसे. पहिलं सुटायचं ते मधल्या खुर्चीनं, कारण दाराचं चाक तिच्याच डोक्यावर होतं. ती सुटल्याशिवाय बाजूच्या दोघांनी आपल्या बक्कलाला हातही लावायचा नाही, असा नियम होता. आणखी एक नियम होता. रेडिओवर 'सोड' हा शब्द काढायचा नाही. पट्टा सोड म्हणजे उघड, आणि नाद सोड म्हणजे राहू दे. घाईत कोण काय समजेल याचा नेम नाही. बक्कलासाठी 'उघड', थांबवायचं असेल तर 'थांब'. नवीन आलेल्या प्रत्येकाच्या हे पहिल्या दिवशीच कानीकपाळी ओरडून सांगितलं जायचं.

आता अडचण अशी, की मधल्या खुर्चीचं डाव्या कमरेचं बक्कल अडायचं. पट्टा माझा होता, बक्कल माझं नव्हतं. ते वरून ठरून आलेलं. पोशाखात हवा भरली की कमरेशी एक जाड वळी पडायची आणि ती बरोबर बक्कल उघडायच्या कानावर येऊन बसायची. तो कान वळीखालून उचलायचा आणि फिरवायचा, तोही जाड हातमोज्यातून आणि न बघता. पहिल्या सरावात बारकीला त्या एकट्या बक्कलाला पावणेदोन मिनिटं लागली. दुसऱ्यात दीड. दोन्ही वेळा घड्याळजीनं तिच्या नावापुढं लाल खूण केली. तीन लाल झाल्या की खुर्ची राखीव माणसाला जाते.

मी बक्कल बदला म्हणून वर चिठ्ठी पाठवली. उत्तर यायच्या आधीच तिसरा सराव येऊन ठेपला. आदल्या दिवशी बारकी माझ्याकडे जेवायला आली होती आणि ताटातलं नुसतं चिवडत बसली होती. आठ वर्षं तिनं त्या खुर्चीसाठी हाडाची काडं केली होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, खाली वाकले, डाव्या अंगठ्यानं त्या बक्कलाचा कान अर्धा उचलून ठेवला आणि मग "तयार?" म्हटलं. फुगलेल्या पोशाखातून तिला स्वतःची कंबर दिसत नाही. तिनं हात नेला आणि बक्कल उघडलं. घड्याळजी म्हणाला, अठ्ठ्याऐंशी. हेल्मेटच्या काचेआडून पोरीचा चेहरा असा फुलला, की मला माझ्या अंगठ्याचं काही वाटलंच नाही.

म्हटलं, एकदाच. चिठ्ठीचं उत्तर आलं की बक्कल बदलेल आणि प्रश्न मिटेल. उत्तर पाच आठवड्यांनी आलं. गेल्या सहा सरावांत वेळ मर्यादेच्या आत आहे, तरी बदलाची आवश्यकता दिसत नाही. ते वाचून मला हसू आलं. बक्कल चांगलं असल्याचा पुरावा सहा वेळा मीच पुरवला होता. आता खरं सांगावं तर सहाही सराव रद्द, बारकीची खुर्ची गेलीच, आणि माझं जे व्हायचं ते होणार. मी तोंडाला कुलूप लावलं. असे एकूण एकोणीस सराव झाले. शेवटच्यात शहात्तर सेकंद आले. बारकीनं त्या दिवशी सगळ्या विभागाला आइस्क्रीम वाटलं, आणि मीही खाल्लं.

माझी समजूत मीच घालायची. पायवाट लागतेय कशाला? आणि लागलीच, तर उडी आहे ना. तिकडं उडीवाले म्हणायचे, उडी लागतेय कशाला, पायवाट आहे ना. अशी दोन्हीकडून टोलवाटोलवी चालली होती आणि त्यात पोरगी बसणार होती.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. ती आणि दादा पाहुण्यांच्या गच्चीवर येऊन बसले होते, रॉकेटपासून सहा किलोमीटरवर. वहिनी मला अजून वन्सं म्हणते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "काही झालंच तर बाहेर पडता येतं ना हो वन्सं तिला?"

"नव्वद सेकंदांत," मी म्हणाले.

मग बरं, असं म्हणून तिनं फोन ठेवला. मी हात धुतले आणि मनोऱ्यावर गेले.

तिघांना बांधलं. खऱ्या दिवशी बक्कलाचा कान उचलून ठेवण्याचा प्रश्नच नसतो. तपासनीस मागं उभा असतो आणि प्रत्येक बक्कलाचा खट् असा आवाज ऐकून कागदावर खूण करतो. मधल्या खुर्चीचं डावं बक्कल मी लावलं. खट्. तिथं माझा हात जरा जास्तच रेंगाळला असणार, कारण बारकीनं काय झालं म्हणून विचारलं. काही नाही म्हणाले. तिला सांगायची ती शेवटची संधी होती. हे तुझ्या हातानं उघडत नाही गं, मी उघडते, एवढं एकच वाक्य. ते घशापर्यंत आलं होतं. मागं तपासनीस खोकला आणि मी "तयार?" म्हणून बाहेर आले. दार लागलं. आम्ही खाली उतरलो, पूल बाजूला फिरला, मनोरा रिकामा झाला.

कंट्रोल रूममध्ये शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून माझी जागा असे. पोशाखाबद्दल काही विचारायचं झालंच तर पट्टेवाली हाताशी असावी, एवढ्यापुरती. जमिनीवर एक पिवळी रेघ होती आणि तिच्या पलीकडं मला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. कानाला हेडफोन नव्हता, पण स्पीकरवर तिघांचे आवाज यायचे. डॉक्टर घोरतोय असं कप्तान सांगत होता, डॉक्टर नाही म्हणत होता. बारकी आकडे वाचून दाखवत होती. उड्डाणाला एकतीस मिनिटं होती.

तेवढ्यात इंधनाच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला. त्या खोलीत कुणी उभं राहत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या सांध्यातून इंधन गळतंय आणि आतल्या पोकळीत वाफ साठतेय, असं तो म्हणाला. उड्डाणप्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. बाईंनी मान न वळवता विचारलं, किती वेळ आहे? त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, साडेचार मिनिटं धरा, त्यानंतर नुसती ठिणगी पडायची खोटी. कुणीतरी भिंतीवरचं मोठं घड्याळ साडेचारवर लावलं आणि ते उलटं धावायला लागलं.

आपोआप उडी मारणारी यंत्रणा गप्प होती. रॉकेट कललं तर तिला कळतं, इंजिन फुटलं तर कळतं. गळती तिच्या यादीतच नव्हती. ठरवायचं होतं ते बाईंना. उडी कुणालाच नको होती. वारा खडकाळ बाजूला वाहत होता. वैद्यकीय टेबलावरून मणक्यांची आठवण आली. इंधनवाला म्हणाला, उडीची ज्वाळा त्या वाफेत शिरली की रॉकेट हमखास पेटणार. माणसं पायवाटेनं उतरली, तर रॉकेटही वाचेल कदाचित. मग घड्याळजीनं मांडून दाखवलं. पूल परत यायला पन्नास सेकंद, तिघं दाराबाहेर यायला नव्वद, पाळण्यापर्यंत वीस, खाली पोचायला चाळीस. बोलण्यात वीस गेली तरी पन्नास हातात राहतात. गेल्या एकोणीस सरावांत एकदाही नव्वदच्या वर गेलो नाही, असंही त्यानं ठासून सांगितलं. बाई म्हणाल्या, "पायवाट. पूल आणा."

पडद्यावर पूल हळूहळू कुपीकडं फिरायला लागला. नव्वदच्या जागी किती धरायचे? बक्कलाला पावणेदोन मिनिटं, मग दार, मग बाकीचे दोघं. हातातली पन्नास सेकंद तिथंच संपत होती. आता बोलले तर बाई उडी मारणार आणि पोरीची पाठ माझ्या जिभेनं मोडणार. नाही बोलले, आणि आज बक्कल सुटलं तर? एखाद्या वेळी सुटतंसुद्धा. वळी जरा वर सरकली, हात बरोबर पडला, तर काय सांगावं. खोटं नाही सांगत, पूल अर्ध्यावर येईपर्यंत मी त्या 'तर'ला धरून बसले होते. निम्मी भीती पोरीसाठी होती आणि निम्मी माझी स्वतःची.

मग मी उठले आणि रेघ ओलांडली. घड्याळजीनं मला वाटेतच अडवलं. "आत्या, आत्ता नाही," तो हळू आवाजात म्हणाला. मी त्याला बाजूला केलं. बाईंच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले तेव्हा घड्याळात तीन मिनिटं वीस सेकंद उरली होती.

"बाई, नव्वद खोटं आहे. मधल्या खुर्चीचं डावं बक्कल तिच्या हातानं उघडत नाही. सरावात ते मी आधीच उचलून ठेवायची. दर वेळी."

"माझ्यासमोर?" घड्याळजी मागून म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

बाई वळल्या. का केलंत, असं त्यांनी विचारलं नाही. किती वेळ लागेल, एवढंच विचारलं. नुसत्या बक्कलाला पावणेदोन मिनिटं, मी म्हणाले, आणि नाही उघडलं तर नाहीच.

तेवढ्यात पूल टेकला आणि संपर्काच्या टेबलावरून ठरल्याप्रमाणं वर हुकूम गेलासुद्धा. पायवाट, मधली खुर्ची सुरू करा. बाईंनी हात वर करून सगळी खोली गप्प केली. स्पीकरमधून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि तो कुणाचा आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

"मधली खुर्ची, बक्कल उघडलं?" बाईंनी विचारलं.

"उघडते आहे," बारकी म्हणाली. अगदी शांत आवाज.

घड्याळात तीन मिनिटं उरली. बाई घड्याळाकडं बघत थांबल्या. आता सुटलं तर उडी गेली, न सुटलं तर पायवाट गेली, आणि दोन्हींच्या मधे त्या बसल्या होत्या. कप्तान वरून म्हणत होता, बारके, सावकाश, वेळ आहे. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. आणखी पंधरा सेकंद गेली.

"मधली खुर्ची?"

"उघडते आहे. एकच सेकंद, बाई."

तो एक सेकंद कसला आहे ते मला माहीत होतं. वळी कानावर बसली आहे, बोट तिच्यावरून घसरतंय, ती आणखी डावीकडं वाकतेय. मी बाईंना म्हणाले, नाही उघडणार. इंधनवाला म्हणाला की वाफ त्याच्या अंदाजापेक्षा भराभर चढतेय, घड्याळावर विसंबू नका. बाईंनी उडीच्या किल्लीवर हात ठेवला आणि माइक ओढला. तीस वर्षं या कामात घालवलेली बाई. आणि तिच्या तोंडून नेमका तो शब्द गेला.

"मधली खुर्ची, सोड ते."

"सोडतेच आहे, बाई," बारकी म्हणाली, आणि तिनं जोर लावल्याचा आवाज आला.

तो शब्द तिनं 'उघड' असाच ऐकला होता. बाईंच्याही ते लक्षात आलं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हात काढ. हात छातीवर, डोकी मागं टेकवा. उडी," त्या म्हणाल्या, दोन आकडे मोजले आणि किल्ली फिरवली. दोनाऐवजी चार मोजायला हवे होते, असं त्यांनी पुढं चौकशीत स्वतःहून सांगितलं. पण चार मोजायला त्या वेळी धीर कुणाला होता?

पडद्यावर आधी नुसता उजेड झाला. आवाज नंतर आला आणि काचा हादरल्या. कुपी वर निघून गेली आणि तिच्या मागं, डोळ्याचं पातं लवायच्या आत, रॉकेट वरून खालपर्यंत पेटलं. ती आग उडीच्या ज्वाळेनं लागली की तशीही लागणारच होती, हे चौकशी समितीला चार महिन्यांतही ठरवता आलेलं नाही. मी रॉकेटकडं बघतच नव्हते. धुराच्या कडेला तीन पॅराशूटं उघडली आणि वाऱ्यानं खडकांच्या बाजूला वाहत गेली. मला गच्चीवरची वहिनी आठवली.

कुपी टेकल्यावर बाईंनी तिघांना हाक मारली. कप्तान म्हणाला, आहे. डॉक्टर म्हणाला, आहे. तिसरा आवाज यायला किती वेळ लागला ते घड्याळजीलाही सांगता यायचं नाही. त्यानं घड्याळ टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "आहे." मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. कुणी मला उठवलं नाही.

कप्तानाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बारकीचे दोन मणके गेले. डावीकडं वाकलेली ती सरळ होत असतानाच धक्का बसला होता. पाय शाबूत होते, ती चालू शकेल असं हॉस्पिटलातले म्हणाले, पण उडायचं नाव आता काढायचं नाही. मी त्याच संध्याकाळी सगळं दोन पानांवर लिहून समितीला दिलं आणि दाराशी माझा पास ठेवून आले. तिथून तडक हॉस्पिटलात गेले. वहिनी दारातच उभी होती. "तुम्ही मला नव्वद म्हणालात, वन्सं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पुन्हा इथं येऊ नका म्हणाली. दादा जमिनीकडं बघत होता.

मी गेले नाही. नऊ दिवस घरात बसून राहिले. वहिनीनंच बजावलंय म्हटल्यावर कसं जायचं, असं स्वतःला सांगायची आणि ते मला पटायचंही.

दहाव्या दिवशी दादाचा फोन आला की बारकी बोलावते आहे. वहिनी व्हरांड्यात बाकावर होती. तिनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

बारकी उताणी झोपली होती, छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्ट्यात आवळलेली. तो पट्टा कुणी शिवला होता कोण जाणे, शिवण वाईट होती. उशीशेजारी माझ्या त्या दोन पानांची प्रत होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "एकोणीसही वेळा?"

"एकोणीसही."

"शहात्तरलासुद्धा?"

"हो."

मी पाठीबद्दल बोलायला लागले, तिच्या आठ वर्षांबद्दल, माझ्यामुळं काय काय गेलं त्याबद्दल. तिनं मला मधेच थांबवलं.

"पाठीचं राहू दे, आत्या. ते बक्कल उघडेना ना, तेव्हा मला वाटलं माझे हात गळाले. एकोणीस वेळा उघडलेलं आजच का उघडत नाही? मी घाबरले म्हणून. दुसरं काय असणार? कप्तान म्हणत होते वेळ आहे, आणि मला वाटत होतं, माझ्या भित्रेपणापायी हे दोघं जळून मरणार. बाई हात काढ म्हणाल्या तेव्हा मला काय वाटलं माहितीये? बरं वाटलं. म्हटलं, आता कुणाला कळणार नाही."

तिनं उशीशेजारच्या पानांवर हात ठेवला.

"समितीला मी सांगितलं, बक्कल अडलं. मी खोटं बोलतेय असं समजून सांगितलं. रोज इथं पडून तेच. काल हा कागद हातात आला. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू नऊ दिवस आली नाहीस."

वहिनीनं येऊ नका म्हटलं होतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "भ्याले मी," म्हणाले.

"मग तू भित्री," ती म्हणाली. "मी नाही. हे एकदा माझ्यासमोर म्हण."

"तू नाही भ्यालीस, बारके. मी भ्याले."

ती हं म्हणाली. मग तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी येऊन कानांकडं गेलं, आणि तिनं ते पुसलं नाही. जरा वेळानं तिनं प्यायला पाणी मागितलं. मी पेला भरला आणि दुसरा हात तिच्या मानेखाली घालायला गेले.

"नुसता दे," ती म्हणाली.

मी पेला तिच्या हातात दिला. तिला मान उचलता येत नव्हती. निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि तिथून त्या पट्ट्यात उतरलं. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि ती पिऊन होईपर्यंत तशीच बसून राहिले.